आज डीलोड आहे

डोंबिवली असो की कोथरूड, दुसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातला गेलं की हा गृहस्थ हमखास भेटतो. वय चाळिशीच्या अल्याड-पल्याड, नोकरी बँकेत किंवा आयटीत, अंगात काळा टी-शर्ट. तो दंडाला घट्ट बसावा म्हणून घेतलेला असतो, पण बसतो पोटाला. हा ट्रेनर नव्हे. ट्रेनर म्हणजे कोपऱ्यात मोबाइल बघत उभा असलेला पगारी मुलगा. सल्ला देण्याचं काम हे सभासद वर्षाची फी आगाऊ भरून फुकटात करतात. सगळे त्यांना दादा म्हणतात, आपणही दादाच म्हणू.

नवा मुलगा बेंचवर आडवा होतो, बार छातीपर्यंत आणतो आणि डोक्यामागून आवाज येतो, "भावा, कोपरं आत घे." सल्ला बरोबर असतो, हीच तर पंचाईत आहे. कोपरं दोन्ही बाजूंना सरळ फाकवली की खांद्यावर नको तेवढा ताण येतो. दादा सगळंच चुकीचं बोलत असते तर लोकांनी त्यांना केव्हाच टाळलं असतं. पण त्यांचं निम्मं बरोबर असतं, आणि ते निम्मं कुठलं हे कळायला माणसाला सहा महिने लागतात.

शिवाय दादांचे पंथ बदलतात. एका उन्हाळ्यात ते कीटो करत होते. तेव्हा त्यांनी पावभाजीच्या गाडीवर उभं राहून पावाविरुद्ध भाषण केलं आणि नुसती भाजी लोण्यासकट संपवली. पुढे सोळा तासांचा उपवास आला. सकाळी दहाला ऑफिसात कुणी पोहे पुढे केले तर दादा घड्याळ दाखवत, आणि दुपारी एकला घड्याळाकडे बघण्याचं त्यांना भान उरत नसे. सध्या मोबिलिटी चालू आहे. बॅगेत रबरी पट्टा, फोमचा रूळ आणि पुतण्याचा टेनिसचा चेंडू असतो. तो चेंडू पाठीखाली घेऊन दादा वीस मिनिटं जमिनीवर लोळतात. मग मांडीच्या मागचे स्नायू दोन-दोन मिनिटं ताणून धरतात आणि लगेच वजनाकडे वळतात. आता, व्यायामाच्या तोंडावर एकेक स्नायू मिनिटभराहून अधिक ताणून ठेवला तर त्याची ताकद काही वेळ थोडी कमीच पडते. त्यापेक्षा हातपाय हलते ठेवावेत, रिकाम्या बारवर एक-दोन सेट मारावेत, मग वजन चढवावं. हे दादांना ठाऊक आहे. मागच्या वर्षी त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं.

दादांचा स्क्वॉट हा एक सोहळा असतो. आधी हातांना खडूची पावडर, जिची स्क्वॉटला फारशी गरज नसते. मग मनगटाच्या पट्ट्या, मग चामड्याचा रुंद पट्टा, ओढून ओढून शेवटच्या भोकापर्यंत. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून रेकॉर्डिंगवर. दादा बारखाली शिरतात, छाती भरून श्वास घेतात, पोट आवळतात, आणि गुडघे जेमतेम वाकतात न वाकतात तोच आरोळी ठोकून वर येतात. तालमीतल्या वस्तादाने बघितलं असतं तर याला बैठक म्हटलं नसतं, चतकोर म्हटलं असतं. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत मांडीच्या सांध्याची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेल्याशिवाय पंच उठाव मान्य करत नाहीत. दादांच्या व्हिडिओत ती घडी शोधावी लागते.

दोष बरेचदा घोट्याचा असतो. आजोबा अंगणात उकिडवे बसून तासभर गप्पा मारत. नातू खुर्चीतून उठून कमोडवर आणि कमोडवरून गाडीत बसला, घोटे आखडले. तपासायची युक्ती सोपी आहे. भिंतीपासून साधारण दहा सेंटिमीटरवर पायाचा अंगठा ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला नाही तर घोट्यावर काम करायचं, आणि तोवर टाचेखाली पातळ प्लेट किंवा उंच टाचेचे बूट. वेटलिफ्टर ते बूट काही हौसेने घालत नाहीत. हा भिंतीचा प्रयोग दादांनी अर्ध्या जिमवर केलाय. स्वतःवर करायला मात्र त्यांना अजून भिंत मोकळी मिळालेली नाही.

त्यांचं अंकगणितही खास आहे. ऑलिंपिक बारचं स्वतःचं वजन 20 किलो. दादा आपला आकडा सांगताना बार धरतात, दुसऱ्याचा सांगताना धरत नाहीत. रॅकच्या तळाशी सव्वा किलोच्या छोट्या प्लेट्स धूळ खात पडलेल्या असतात. दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो वाढतात, आणि ताकद वाढवण्याची जगातली सगळ्यात खात्रीची रीत तीच: थोडं वाढवा, जमलं की आणखी थोडं. पण सव्वा किलोची प्लेट लावताना कुणी पाहिलं तर? दादा एकदम दहाच्या लावतात, बार अर्ध्यात अडकतो, दोघं धावतात, आणि दादा घाम पुसत जाहीर करतात, "आज डीलोड आहे."

डीलोड ही थाप नाही. काही आठवडे जोमाने उचलल्यावर एखादा आठवडा वजन आणि सेट कमी करून शरीराला उसंत द्यावी, असं चांगले प्रशिक्षकही सांगतात. दादांचा आठवडा दिवाळीपासून चालू आहे, इतकंच.

आहाराच्या बाबतीत दादा नाव विचारण्याआधी प्रोटीन विचारतात. इथेही त्यांचा मुद्दा खोटा नाही. आयसीएमआरने सामान्य माणसासाठी सांगितलेलं प्रमाण शरीराच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅमच्या घरात आहे. वजनं उचलणाऱ्याला 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे फारसा नाही. म्हणजे 70 किलोच्या माणसाला साधारण 112 ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरण-भात या हिशेबात मराठी माणूस बरेचदा निम्म्यावरच अडकतो. उसळ, पिठलं, दही, पनीर, अंडी, चिकन यांत ते भरून निघतं. वाळक्या सोयावडीत तर निम्मं वजन प्रोटीनचंच. पण दादा सोयावडीकडे बघत नाहीत, कारण तिच्या पाकिटावर दंड फुगवलेला माणूस नसतो. अंड्यातलं पिवळं ते टाकून देतात, आणि त्याबरोबर अंड्यातलं चाळीसेक टक्के प्रोटीन टाकून देतात. मग ते भरून काढायला व्हेचा डबा येतो. व्हे म्हणजे चीज करताना निघणाऱ्या पाण्याची पावडर. वाईट काही नाही, सोयीची वस्तू. पण व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात ती पोटात गेली नाही तर सगळं पाण्यात, अशी दादांची श्रद्धा आहे. खरं तर दिवसभरात एकूण किती गेलं याला जास्त महत्त्व. त्या घाईत शेकर धुवायचा राहतो. तीन दिवसांच्या त्या शेकरचं झाकण उघडलं की शेजारच्या ट्रेडमिलचा वेग आपोआप वाढतो.

कुस्तीगीर खाशाबा जाधव दादांना दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतात. समोरचा पावडर घेत असेल तर, "1952 ला हेलसिंकीत ब्राँझ मारलं, गोळेश्वरच्या पोराने डबा घेतला होता का?" घेत नसेल तर, "खाशाबांना हे मिळालं असतं ना, तर गोल्ड होतं भावा!"

क्रिएटिनच्या पावडरीवरून तर त्यांनी आख्ख्या सोसायटीला घाबरवलं. दिवसाला तीन ते पाच ग्रॅम ही साधी मात्रा, बरीच अभ्यासलेली. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो. दादांनी ते सुरू केलं आणि ऑफिसच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम जोखायचा रक्तातला आकडा, किंचित वाढलेलं निघालं. क्रिएटिन घेतलं की तो आकडा थोडा वर जाऊ शकतो; निरोगी मूत्रपिंड त्याने बिघडतं असं नाही. आधीच त्रास असेल त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. डॉक्टरांनी दादांना हेच समजावलं. तोवर चार बिऱ्हाडांतले डबे गच्चीत तुळशीच्या कुंडीपर्यंत पोचले होते.

एवढं असून दादांना जिममधून कुणी घालवणार नाही. बार छातीवर अडकला की धावून येणारा पहिला हात त्यांचाच असतो, आणि उचलताना ते "तुझंच आहे, तुझंच आहे" असं ओरडतात, वजन सगळं त्यांच्या हातावर असलं तरी. नवा मुलगा तिसऱ्या आठवड्यात दांड्या मारायला लागला की फोन त्यांचाच जातो.

गोची झाली ती बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकू यायला लागल्यावर. हाडांची घनता कमी निघाली म्हणून डॉक्टरांनी पाठवलेल्या. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास, ट्रेनरच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर बार ढकलणं. सव्वा किलोच्या प्लेट्सवरची धूळ त्यांनीच पुसली. दादा गेले समजवायला.

"काकू, डेडलिफ्ट? कंबर जाईल. हे वय आहे का?"

"अहो, वय आहे म्हणूनच."

ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या बायकांवर असाच प्रयोग झाला होता: आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जड वजनं, देखरेखीखाली, आठ महिने. हाडांची घनता सुधारली. ते निष्कर्ष 2018 साली छापून आले. काकूंना हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादांनी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाचं तरी पूर्ण ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीपासून तोच अभ्यास सगळ्यांना स्वतःच्या नावावर सांगायला लागले.

गणपतीत काकूंनी जिममधल्या सगळ्यांना घरी बोलावलं. उकडीचे मोदक होते. दादांनी एका मोदकातला नारळ, गूळ, तांदळाची पिठी असं मनातल्या मनात मोजलं, फोनवरच्या ॲपमध्ये टाकलं, आणि म्हणाले, "एकच."

"तूप घालू का वरून?" काकूंनी विचारलं.

"घाला. फॅट लागतं हार्मोन्सना."

पाचव्या मोदकाला ॲपने लाल रंग दाखवला. दादांनी फोन पालथा ठेवला आणि शेजारच्या मुलाला, ज्याने विचारलंही नव्हतं, रीफीड डेचं, म्हणजे ठरवून जास्त खायच्या दिवसाचं, शास्त्र समजावायला सुरुवात केली.