पगार झाला आणि पोरगं पद्मिनीच्या नादी लागलं!

ऐकलंत का? माझ्या नणंदेचा मुलगा पद्मिनीच्या नादी लागलाय! पंचवीस वर्षांचा, इंजिनीअर, पगार चांगला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. नणंदेनं फोनवर एवढंच सांगितलं आणि हुंदका दिला. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. कोण ही पद्मिनी, काय करते, राहते कुठे, मी भराभर विचारत सुटले. "एका गॅरेजमध्ये असते," नणंद म्हणाली, "पंच्याण्णव सालची आहे. फिकट निळी. आणि सकाळी चोक ओढल्याशिवाय उठत नाही."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच भांड्यासकट खाली आला. मुलगी असती तर घरी बोलावून चार गोष्टी विचारता आल्या असत्या. प्रीमियर पद्मिनीला काय विचारणार? एका लिटरला किती जातेस गं?

तर संध्याकाळपर्यंत आमच्या पार्ल्याच्या इमारतीत बातमी गच्चीपर्यंत पोचली. पहिली गाडी म्हणून, हो, पहिली गाडी म्हणून, हा मुलगा तीस वर्षांची जुनी फियाट घेणार! दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, कर्ज मिळत नाही का त्याला?" आमच्या पिढीत जुनी गाडी घेण्याचं एवढं एकच कारण ठाऊक. कर्ज मिळतंय, बँकेचे फोन येतायत, तरीही मुलाला जुनीच हवी, हे ऐकल्यावर काकूंनी पदर तोंडाला लावला.

आणि हा एकटा नाही बरं का. साथ आहे साथ! ऑफिसातल्या दुसऱ्याला अॅम्बेसिडर हवी आहे. तिसरी एक मुलगी काँटेसाच्या शोधात आहे. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी भाड्यानं फियाट आणतात, तिच्या बॉनेटवर बसतात आणि लांब कुठेतरी बघतात. बॉनेटवर! आमच्या वडिलांनी आम्हाला बॉनेटला हात टेकू दिला नाही कधी. आणि कहर म्हणजे परवा एकानं मला सांगितलं, मारुती 800 हीसुद्धा आता क्लासिक. 14 डिसेंबर 1983 ला आलेली गाडी! जानेवारी 2014 पर्यंत बनत होती! माझी वरात त्या गाडीतून गेली होती हो. ती क्लासिक, तर मी कोण?

या सगळ्याला सुरुवात झाली, माझा संशय आहे, 2023 च्या ऑक्टोबरात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदवलेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे इतिहासजमा झाली. काय तो शोक! त्याच्या दीड महिना आधी बेस्टच्या जुन्या डिझेलवरच्या डबलडेकर गेल्या होत्या, त्यामुळे डोळे ओलेच होते म्हणा. ज्यांनी आदल्या दिवसापर्यंत "शी, फियाट नको, दुसरी बोलव" म्हणत टॅक्सीवाल्याला हातानंच पुढे पाठवलं, ते सगळे तिच्या दारात उभे राहून सेल्फी काढायला लागले. माणूस असो की टॅक्सी, आपल्याकडे कौतुक व्हायला आधी जावं लागतं.

आता तिसऱ्या मजल्यावरचे काका. आयुष्य गेलं प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात. इमारतीत कुणी 'फियाट' म्हटलं की यांचा दरवाजा उघडतो. खाली आले आणि सुरूच झाले. प्रीमियर कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी, म्हणजे आपल्या सोलापूरच्या माणसानं, 1944 साली. पन्नाशीच्या दशकातली ती गोलमटोल डुक्कर फियाट. मग 1964 ची 1100 डिलाइट. 1972 मध्ये तिचं नाव झालं प्रेसिडेंट, आणि 1974 मध्ये पद्मिनी, चितोडच्या राणीवरून. इंजिन 1089 सीसीचं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. राणीच ती, ती थोडीच कुणाची वाट बघणार?

"पंतप्रधानांनीसुद्धा कर्ज काढून घेतली होती," काका म्हणाले. ते मात्र खरं. लालबहादूर शास्त्रींनी 1964 मध्ये बारा हजारांची फियाट घेतली, त्यासाठी बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढलं आणि ते फिटण्याआधीच ते गेले. उरलेले पैसे त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी फेडले. हे ऐकून भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. पण मग मी काकांना विचारलं, "तुम्हाला तेव्हा पर्याय असता तर तुम्ही फियाट घेतली असती?" काका जरा थांबले. म्हणाले, "पर्याय म्हणजे अॅम्बेसिडर."

बघा! हीच तर मेख आहे. अॅम्बेसिडर म्हणजे विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड, उत्तरपाड्याला येऊन 2014 पर्यंत राहिली. फियाट इटलीची. तेव्हा देशात घ्यायचं तर मुख्यतः या दोघींतलं काहीतरी घ्या, नाहीतर स्कूटरला नंबर लावा. आपल्या वडिलांची जी अडचण होती, तिला ही पोरं 'व्हाइब' म्हणतात. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी ती सांभाळली. यांच्याकडे सगळं आहे म्हणून यांना ती हवी.

भाचा म्हणतो, "मामी, तिच्यात आत्मा आहे. गिअर स्टिअरिंगपाशी. पुढे बाकासारखी सलग सीट. ती छोटी त्रिकोणी काच उघडली की वारा थेट तोंडावर. स्क्रीन नाही, काही नाही. गाडी माझ्याशी बोलते."

बोलण्याचंच असेल तर नवी गाडी कमी बोलते होय? जुलै 2019 पासून कायद्यानंच तिला बोलकं केलंय. पट्टा लावला नाही, टुंग. ताशी ऐंशीच्या पुढे गेलात, टुंग. एकशेवीसच्या पुढे गेलात तर ती थांबतच नाही. मागे घेताना भिंत आली की जिवाच्या आकांतानं ओरडते. माझ्याहून जास्त बोलते ती, आणि दर वेळी तिचंच बरोबर असतं.

नव्या गाडीवाल्यांनी लगेच गालात हसू नये. तुमचेही चाळे ठाऊक आहेत. सात वर्षांचा हप्ता, आणि कशासाठी, तर सनरूफ! नागपूरच्या मे महिन्यात छताला भोक! त्यातून पोराचं डोकं बाहेर, पोराच्या हातात वेफर्सचं पाकीट, आणि मागे बापाचा व्हिडिओ. एसीची थंडी वाढवायची तर स्क्रीनवर तीनदा बोट लावायचं आणि तोवर समोर रिक्षा. आणि सगळ्या गाड्या पांढऱ्या, सगळ्या फुगलेल्या. मॉलच्या तळघरात आपली कुठली ते किल्ली दाबून, कोण ओरडते ते ऐकून ओळखायचं. फियाट बिघडली तर स्क्रूड्रायव्हर घेऊन एक मिस्त्री यायचा. ही बिघडली की लॅपटॉप घेऊन एक मुलगा येतो, आणि सेन्सरचा आकडा सांगून जातो. तेवढ्यापुरतं भाच्याचं म्हणणं मला पटतं.

पण आता आमच्या वडिलांची गाडी ऐका. कुठल्या कंपनीची ते सांगणार नाही, तिचीही अब्रू आहे. दर मे महिन्यात मुंबईहून पुण्याला आत्याकडे. बोरघाटात तिचं डोकं तापायचं ठरलेलं. मग बॉनेट वर, इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला फडका, रेडिएटर निवेपर्यंत रस्त्याकडेला शेंगा खात बसायचं. वडील पॉइंट घासायचे, प्लग काढून फुंकायचे. आम्ही भावंडं नव्या कपड्यांत मागून ढकलायचो. आणि चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून चाकामागे दगड लावायचा, ते काम आईचं. डिकीत एक खास दगड असायचा, दोन्ही हातांत मावेल एवढा, एका बाजूनं चपटा. आईनं तो निवडून आणला होता. दरवर्षी दिवाळीला गाडी धुतली की ती तो दगडही धुवायची. आजच्या गाडीत चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी क्षणभर जागची हलत नाही, अशी सोय असते. त्या सोयीला इंग्रजी नाव आहे. आमच्याकडे तिला आई म्हणायचे.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "किती भारी आठवण आहे, मामी!" अरे, आठवण आता आहे. तेव्हा घाट होता आणि मागे ट्रक होता.

तर गंमत पुरे, आता हिशेब. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. एबीएस नाही, एअरबॅग नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली जुलै 2019 मध्ये, पुढच्या दुसऱ्या सीटसाठी त्यानंतर. गाड्या आपटून त्यांना तारे देणारी भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. पद्मिनी ज्या रस्त्यावर जन्मली, त्या रस्त्यावर सगळेच चाळीसनं चालायचे आणि सगळ्यांचेच ब्रेक सारखे. आज तिच्यापुढची गाडी एबीएस लावून जागच्या जागी थांबते आणि तिच्या मागे आपला नवशिक्या भाचा, दोन्ही पाय ब्रेकवर, ओठांवर रामनाम.

आणि आरटीओ! इथे तर खरी गंमत आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. एप्रिल 2022 मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला दहा हजार. वर पर्यावरण कर. भाचा म्हणाला, "मग व्हिंटेजमध्ये नोंदवतो." नोंदव की! 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण, मूळ रूपात. म्हणजे पंच्याण्णवची पद्मिनी व्हिंटेज होणार 2045 मध्ये. तोवर सरकारदरबारी ती नुसती म्हातारी. आणि व्हिंटेज झाल्यावर काय? नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, मान मिळतो, पण रोज रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर. म्हणजे ऑफिसला नेता येते तोवर ती व्हिंटेज नाही, आणि व्हिंटेज झाली की ऑफिसला नेता येत नाही!

पेट्रोलचं वेगळंच. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीतले रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत, ते बदलून घ्यावे लागतात. त्यात आपला पाऊस. चार महिने उघड्यावर उभी राहिली की पत्रा खालून सडतो, आणि वरून रंग असा चकचकीत की पाहणाऱ्यानं फसावंच.

शेवटी इमारतीची सभा बसली आणि मामीनं निकाल दिला. पहिली गाडी ही शिकण्यासाठी असते आणि शिकणाऱ्याच्या हातून चुका होतात. चूक माफ करणारी गाडी आधी घ्यावी. चार-पाच वर्षं वापरलेली, एबीएस आणि किमान दोन एअरबॅग असलेली हॅचबॅक घे, कर्ज लहान ठेव, तीन पावसाळे चालव. त्यानंतर हात बसला आणि वर छप्पर असलेली पार्किंगची जागा मिळाली, तर खुशाल पद्मिनी आण, दुसरी म्हणून. ती रविवारी सकाळी नेण्याची गाडी आहे. सोमवारी साडेनऊला पश्चिम द्रुतगती महामार्गावर नेण्याची नव्हे.

पोरानं ऐकलं. हॅचबॅक आली, पेढे वाटले. पण गेल्या रविवारी तो गॅरेजवाल्याला मस्का लावून ती फिकट निळी पद्मिनी फेरीसाठी घेऊन आलाच. आणि सांगायला लाज वाटते, तोंडाला पदर लावणाऱ्या काकू सगळ्यांत आधी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, नुसता आवाज ऐकायला. मीही बसले. मागे, खिडकीशी.

तेव्हा तुमच्याही घरात कुणी असं नादी लागलं असेल, तर आरडाओरडा करू नका, उपयोग नाही. त्याला एवढंच सांगा: आरसी बुक मागून चेसिसचा नंबर स्वतः ताडून बघ. पायाखालची मॅट उचलून पत्र्यावर टिचकी मार. डिकीत पाणी साचल्याचा डाग शोध. आपला मिस्त्री बरोबर ने, विकणाऱ्याचा नको. आणि एवढं करूनही घेतलीच, तर डिकीत एक चांगला, एका बाजूनं चपटा दगड ठेव.