टायगर रडायलंय

लातुरात दरवर्षी हजारो लेकरं आईबापाला सोडून शिकायला येतात. नांदेड, बीड, परभणीहून गाद्या-बादल्या येतात, दोन दिवस डोळे पुसले जातात आणि आठवड्याभरात लेकरू मेसच्या वरणाला नावं ठेवण्याइतकं रुळतं. ‘लातूर पॅटर्न’चं हे यश गुणपत्रिकेत दिसत नाही, एवढंच. पण अशा अनुभवी शहरात घरची मंडळी तासाभरासाठी गंजगोलाईत गेली, की फ्लॅटमधलं कुत्रं बिल्डिंग डोक्यावर घेतं. नाव टायगर. शेजारच्या काकू जिन्यातच गाठतात, “काय ओ, तुमचं टायगर लई रडायलंय की!”

जिल्ह्याला कुत्र्यांचं नवल नाही. चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पायांची, सडपातळ, सशामागं सुसाट पळणारी ही जनावरं. शेतातल्या आखाड्यावर त्यांच्याभोवती कायम कुणीतरी असायचं : सालगडी, शेळ्या, खोकणारा म्हातारा. तिथं कुत्र्याला कोंडून जायचा प्रश्नच नव्हता. टायगरच्या वाट्याला मात्र तिसरा मजला आणि लॅचचं दार आलं. त्यातून २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरात आलेल्या पिल्लांनी तर माणसं बाहेर जातात हेच आधी पाहिलेलं नव्हतं.

एकटेपणाची ही भीती बहुधा मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच उफाळते. दार ओरबाडणं, लाळ गळणं, शिकवलेलं असूनही घरात शू करणं. नुसतं कंटाळलेलं कुत्रं चप्पल चावतं आणि समोर ठेवलेलं चिकनही खातं. घाबरलेलं कुत्रं त्या चिकनकडे बघतसुद्धा नाही. जुना मोबाइल कॅमेरा चालू करून ठेवला, की फरक कळतो.

घरी परतल्यावर सोफ्याचा कापूस पाहून मालक ओरडतो आणि टायगर मान खाली घालतो. “बघा, चूक कळती त्याला!” कळत नाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं, की तो अपराधी चेहरा गुन्ह्यावर नाही, मालकाच्या रागावर अवलंबून असतो. काहीही न केलेलं कुत्रंही रागावल्यावर तसाच चेहरा करतं. म्हणजे मार खाऊन टायगर एवढंच शिकतो, की मालक जातो तेव्हा भीती आणि येतो तेव्हाही भीती.

उपाय सोपा, पण चिकाटीचा. किल्ल्या वाजवायच्या, चपला घालायच्या आणि सोफ्यावर बसून चहा प्यायचा. किल्ल्यांचा अर्थ पुसट होईपर्यंत हे नाटक रोज. मग दाराबाहेर काही सेकंद, रडायच्या आत परत. मग मिनिट, मग दोन, मध्येच पुन्हा अर्धं. शिकवणी चालू असताना त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. तोवर आजीची ड्यूटी. अडचण कुत्र्याची नसतेच. आपल्याकडे निरोपाला दारात अर्धा तास लागतो. “माझं सोनं ते, लवकर येते हं” असा गळा काढून निघणाऱ्या माणसाकडे पाहून टायगरला वाटतं, काहीतरी भयंकर घडायलंय. मुकाट निघावं, मुकाट यावं.

सोबतीला दुसरं कुत्रं आणायचा सल्ला नातेवाईक फुकट देतात. ओढ माणसाची असेल, तर दोन कुत्री रडतात आणि काकू जिन्यात दुप्पट वेळ थांबवतात.

त्रास फारच असेल तर औषधंही आहेत. अमेरिकेत याच आजारावर कुत्र्यांसाठी क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुऑक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधं माणसांनाही देतात, म्हणून घरातल्या कुणाच्या डब्यातली गोळी पोळीत लपवून द्यायची नाही. जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मोबाइलमधला व्हिडिओ घ्या, तिथल्या डॉक्टरांना दाखवा. आणि जाताना टायगरला घरी ठेवून जाऊ नका.