मांजर दत्तक घेणाऱ्यांसाठी सूचना (काकूंना दाखवू नयेत)

रस्त्यावरून वाचवलेलं मांजर घरी आणण्याचा निर्णय कुटुंबानं एकत्र बसून, साधकबाधक विचार करून, सर्वानुमते घ्यावा, असं जाणकार सांगतात. जाणकारांच्या इमारतीत तळमजल्यावर काकू राहत नसाव्यात. आमच्या इमारतीत राहतात. रात्री जेवणं आटोपली की त्या पार्किंगमध्ये ताटल्या मांडतात. स्कूटरखालून, मीटरच्या खोलीमागून पंगत जमते. त्या पंगतीतलं एखादं शिंकणारं, लंगडणारं किंवा आईवेगळं पिल्लू हेरून काकू त्याच्यासाठी स्थळं बघायला लागतात. ‘दत्तक घे’ असं त्या कधीच म्हणत नाहीत. ‘दोनच दिवस ठेव रे, माझ्याकडे पेस्ट कंट्रोल आहे,’ एवढंच म्हणतात. काकूंकडे पेस्ट कंट्रोल झाल्याचं इमारतीत कुणालाही आठवत नाही.

तेव्हा कलम पहिलं: काकूंचे दोन दिवस आणि मांजराचं आयुष्य यांची लांबी सारखीच असते. घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षं सहज काढतं. आपलं वय मिळवून हिशेब ज्याचा त्यानं करावा.

कलम दुसरं: घरातल्या विरोधकाचं मन वळवावं. आमच्याकडे विरोधी पक्ष म्हणजे आई. काकूंनी तिला थेट शास्त्राधार दिला. ‘वहिनी, षष्ठीदेवीचं वाहन आहे हो मांजर.’ आई म्हणाली, ‘वाहन आहे तर पार्किंगमध्येच बरंय.’ काकूंना निरुत्तर झालेलं मी पाहिलं ते तेवढंच. पण हरलेल्या काकू जास्त धोकादायक असतात. त्या पिल्लू आईच्या पायाशी ठेवून चहा प्यायला बसल्या आणि पिल्लू न घेता उठल्या.

सोसायटीच्या चेअरमनची परवानगी लागत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सभासदांनी बहुमतानं ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. काकूंकडे त्याची लॅमिनेट केलेली प्रत आहे. चेअरमन जिन्यात दिसले की त्या तिच्यानं वारा घेतात.

कलम तिसरं: मांजराला पहिल्याच दिवशी सगळा फ्लॅट हिंडवून दाखवू नये. एक खोली द्यावी आणि दार लावून घ्यावं. एका कोपऱ्यात मातीचा टब, दुसऱ्या कोपऱ्यात खाणं-पाणी, आणि आत शिरून दडता येईल असा पुठ्ठ्याचा खोका. मऊ गादी विकत आणू नये. आणायचीच असेल तर तिच्या खोक्यासाठी आणावी, कारण मांजर खोक्यातच झोपणार आहे. बहुतेक मांजरं आल्या आल्या कपाटामागे जातात. जाऊ द्यावीत. हात घालून ओढू नये, झाडूनं ढोसू नये, टॉर्च मारून भाच्याला दाखवू नये. आपण जमिनीवर बसून पेपर वाचावा. मांजरानं बघितलंच तर डोळ्यांत डोळे रोखू नयेत, पापण्या सावकाश मिटून उघडाव्यात. मांजराच्या भाषेत ही सभ्यता असते. तीन दिवस धास्ती, तीन आठवडे अंदाज, तीन महिन्यांत घर आपलंसं, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. या काळात काकू रोज संध्याकाळी, लेक सासरी नीट नांदते आहे ना हे पाहायला आलेल्या माहेरच्या माणसासारख्या येतात, टबाचा वास घेतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात.

टबाबद्दल थोडं. माती दोन-तीन बोटं खोल असावी, रोज काढावी, आणि टब खाण्याच्या ताटलीपासून लांब ठेवावा. मांजरं जितकी, त्याहून एक टब जास्त. टब आणि फरशी फिनाईलनं धुवू नये. त्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. टब मीच साफ करीन अशी शपथ मुलगा पहिल्या दिवशी घेतो. या शपथेला कुठल्याही न्यायालयात किंमत नाही.

नाव ठेवण्याआधी रंग बघावा. अंगावर काळा, पांढरा आणि नारिंगी असे तिन्ही रंग असतील तर ती जवळजवळ नेहमीच मादी असते. मुलानं घाईघाईत ठेवलेलं ‘बंडू’ हे नाव मग काकूंनी दुरुस्त करून दिलं. आता ती बंडूताई आहे.

आहार हे कलम आमच्यासारख्या शाकाहारी घरांनी बसून वाचावं. मांजर जन्मजात मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक तिला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. दूधभातावर मांजर जगत नाही. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणींना तर दूध पचतच नाही आणि मग टबाचं काम वाढतं. ‘आमच्या गावी दूधभातावरच जगायची,’ असं आई म्हणाली. ‘आणि माजघरातले उंदीर काय आपणहून निघून जायचे का हो, वहिनी?’ इति काकू. शेवटी बाल्कनीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं आलं. मासे मीठ न घालता उकडायचे, काटे काढायचे, कांदा-लसूण अजिबात नाही. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे कळल्यावर आईनं बंडूताईकडे पहिल्यांदा आदरानं पाहिलं. बाराही महिने चातुर्मास पाळणारं आमच्या घराण्यात दुसरं कुणी नाही. बोंबील तेवढा सोडला, तर तिचं आचरण निष्कलंक आहे. तो शब्दही घरात उच्चारला जात नाही. ‘येताना तिचं आण,’ असं आई फोनवर सांगते. मी कोळणीसमोर उभा राहून ‘तिचं द्या’ म्हणत नाही, इतकाच आमच्या दोघांत फरक.

औषधांच्या बाबतीत गंमत नको. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मोडून देऊ नये. गोळीच्या तुकड्यानंही मांजर मरतं. डांबरगोळ्या, कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं पर्मेथ्रिनचं औषध आणि फुलदाणीतली लिली यांचंही तेच. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस द्यावी, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची. पॅनल्युकोपेनियाची साथ आली की लस न दिलेली पिल्लं भराभर जातात. काकूंच्या वहीत अशा एका पावसाळ्याचं पान आहे. मी त्यांच्यावर कितीही चिडलो तरी त्या पानाबद्दल चिडत नाही.

सोफा वाचणार नाही. टेबलाच्या पायाला सुतळी घट्ट गुंडाळून द्यावी, म्हणजे निदान टेबल वाचत नाही आणि सोफा थोडा उशिरा जातो.

जाळी मात्र मांजर यायच्या आधी, बाल्कनीला आणि खिडक्यांनाही. मी यात काटकसर करू पाहत होतो. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यातली सुमारे ९० टक्के वाचली, असं मी काकूंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. काकू ताटल्या धूत होत्या. ‘दवाखान्यात नेली त्यांतली ना? जी खालीच मेली ती कशाला कोण दवाखान्यात नेईल?’ संशोधकांनीही या आकड्यावर नेमकी हीच शंका घेतलेली आहे. काकू दहावीनंतर शिकलेल्या नाहीत. जाळीवाला दुसऱ्या दिवशी आला.

नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करून घ्यावी. मादी चौथ्या महिन्यातही गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. पार्किंगमधल्या ज्या मांजरांच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं दिसतं, त्यांची शस्त्रक्रिया झालेली असते. आमच्याकडची अशी सगळी काकूंनी रिक्षातून नेऊन आणलेली आहेत, आणि रिक्षाचं भाडं सोसायटीकडे त्यांनी कधी मागितलेलं नाही. ‘एकदा तरी आई होऊ द्यावी बिचारीला,’ असं ज्यांना वाटतं त्यांनी ते काकूंसमोर बोलून बघावं.

शेवटचं कलम दुसऱ्या मांजराबद्दल. मनाई आहे. हे मी लेखी देऊन ठेवलेलं आहे. ‘एकटं मांजर कंटाळतं रे,’ असं काकू हल्ली जिन्यात गाठून सांगतात. प्रत्येक मांजराला सोबत लागतेच असं नाही, ती एकेकटी शिकार करणारी जात आहे, दोन मांजरांची गाठ घालायची तर आधी दाराआडून वासाची ओळख, फडक्यांची अदलाबदल असे कितीतरी उपद्व्याप असतात, हे सगळं मी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून सविस्तर समजावून सांगितलं. त्या गप्प ऐकत होत्या. बाल्कनीतून आई म्हणाली, ‘तू नको सांगूस त्यांना. तिचं तसंही रोज उरतंच.’