भरली की निघाली

संघ घेऊन दौऱ्यावर निघालेल्या व्यवस्थापकाला देशाटन सोडून बाकी सगळं मिळतं. ओळखपत्रांची थैली मिळते, मलमाचा वास मिळतो, कुणाचा तरी एकच बूट मिळतो आणि परतल्यावर न मिळालेल्या पावत्यांबद्दल बोलणी मिळतात. 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि तिथे आपले देशी खेळ दाखवून आलं. लोक हे वाचतात तेव्हा त्यांची छाती फुगते. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न येतो: त्या पथकाच्या व्यवस्थापकाला बर्लिन दिसलं असेल का? की तोही बिचारा खोलीवर लंगोट मोजत बसला असेल?

आमचा संघ खो-खोचा, गाव लातूर आणि परदेश म्हणजे किनवट. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानं नेपाळला हरवलं. तेव्हापासून आमची पोरं बसच्या तिकिटालासुद्धा पासपोर्टसारखं जपतात. त्यातला एक तर चीनचाच ध्यास घेऊन बसलाय. 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत बीडच्या अविनाश साबळेनं स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं ना, मग आपणही एकदा चीन पाहायचा, अनोळखी शहरात एकट्यानं हिंडायचं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, ''बाबा, आधी किनवटपुढची सारखणी ओलांड.''

सारखणी ओलांडली, पण परतीच्या वाटेवर. किनवटला आम्ही गड्यांच्या मानानं बरं खेळलो, गुणांच्या मानानं हरलो. हरलेल्या संघाला देवदर्शनाची ओढ फार. जिंकलेला संघ थेट घरी जातो, हरलेला माहूरमार्गे. रात्री भक्तनिवासात सतरंज्या पडल्या. सगळ्यांना ओळीनं बसवून मी नियम सांगितला, ''उद्या कुणाही खेळाडूनं एकट्यानं बाहेर पडायचं नाही.''

सकाळी पाहतो तर अख्खा संघ गाढ झोपलेला. हलवलं, पाणी शिंपडलं, शिट्टी मारली. एकानं झोपेतच 'खो' म्हणून शेजाऱ्याच्या पाठीत थाप घातली आणि तो शेजारीही उठला नाही. पोरांना दोष देता येईना. दत्तात्रेय रोज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला येतात, असं लोक सांगतात. महानुभावपंथीय तर इथल्या देवदेवेश्वराला निद्रास्थानच मानतात. म्हणजे माहूरला येऊन झोपणं ही आळसाची नव्हे, परंपरेची गोष्ट. मग मी रात्रीचा नियम पुन्हा एकदा बारकाईनं तपासला. त्यात खेळाडूंचा उल्लेख होता, व्यवस्थापकाचा कुठेच नव्हता. चपला हातात घेतल्या आणि बाहेर पडलो.

अनोळखी गावात एकट्यानं हिंडण्याचं सुख काय वर्णावं! ते बसस्थानकापर्यंत टिकलं. तिथे दत्तशिखराकडे जाणारी जीप उभी होती. चालकानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग आणखी मागे पाहिलं.

''बाकीचे कुठी आहेत?''

''बाकीचे नाहीत. मी एकटाच.''

त्यानं असा चेहरा केला, जणू मी अर्धीच नोट पुढे केली होती. ''बसा मग. आठ शिटा. भरली की निघाली.''

तेव्हा कळलं की माहूरला एकट्या माणसाची सोयच नाही. इथे माणसं जथ्यानं येतात. घरातलं लग्न उरकलं की नवरा-नवरी येतात आणि त्यांना धरून सगळं बिऱ्हाड येतं. साडेतीन पीठांतलं हे पूर्ण पीठ. नांदेडकडून लोक येतात, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिकडून येतात, तेलंगणातून येतात. नांदेडहून यायचं तर सरळ वाटेनंसुद्धा उमरखेड-महागाव करत यवतमाळ जिल्ह्यात शिरून पुन्हा आपल्याच जिल्ह्यात यावं लागतं. एवढी वाकडी वाट एकट्यासाठी कोण करणार?

मी एक शीट होऊन बसून राहिलो. थोड्या वेळानं बाहेर उतरून उभा राहिलो. आणखी थोड्या वेळानं मीच ओरडायला लागलो, ''चला दत्तशिखर, अनसूया! चला, लगेच निघणार!'' सामन्याच्या मैदानावर कमावलेला आवाज. चालकानं शांतपणे तंबाखू मळायला घेतली.

माझ्या हाकेला पुसदकडचं एक कुटुंब सापडलं. आजी, मुलगा, सून, नात, दोन नातू आणि एक पिशवी. पिशवीला स्वतंत्र शीट लागली. जीप भरली आणि निघाली. सागाच्या जंगलातून घाटाची वळणं सुरू झाली, तसा आजींनी माझा तपास हाती घेतला.

''काहून रे बाबू, एकलाच आला का?''

''हो आजी.''

''बायको नाही आणली?''

''ती घरी आहे.''

''भांडण झालं का?''

''नाही हो. कामावर आलोय. संघाबरोबर.''

''मंग संघ कुठी आहे?''

''झोपलाय.''

आजींनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं जीपच्या टपाकडे पाहिलं. माझ्याबद्दल काय ठरायचं ते ठरलं आणि धाकटा नातू माझ्या मांडीवर आला. संशयित माणसाला मूल कसं देतात, हे मला अजून उमगलेलं नाही. पण एकट्या माणसाचे हात रिकामे ठेवू नयेत, असा तिकडे रिवाज असावा.

दत्तशिखरावर पोचल्यावर वाटलं, इथे तरी माझी बाजू घेणारा कुणीतरी आहे. काशी, कोल्हापूर, माहूर एका दिवसात! बरोबर ना संघ, ना सतरंजी. या प्रवासाचा भत्ता कुठल्या नमुन्यात भरायचा आणि सही कुणाची घ्यायची, हा विचार मनात येऊन गेला. हात जोडून दत्ताचं नेहमीचं रूप डोळ्यांसमोर आणलं आणि माझा शेवटचा आधारही गेला. तीन शिरं, पाठीशी गाय आणि पायाशी चार कुत्रे. मोजून आठ. जीप जागेवर भरली असती.

अनसूयेच्या शिखरावर नातवानं माझ्या खिशातली शिट्टी शोधून काढली. त्यानंतर बाकीच्या भाविकांनी आमच्याकडे जरा अंतर राखूनच दर्शन घेतलं. परत खाली येताच मी नातू साभार परत केला आणि 'जरा किल्ला बघून येतो' म्हणून सटकलो.

रामगड खरोखर एकट्याचा किल्ला आहे. पैनगंगेचा वेढा, रुंद तट, हत्ती दरवाजा आणि झाडोऱ्यात हरवलेल्या भिंती. जहांगीराविरुद्ध बंड करून पळत सुटलेल्या शहाजादा खुर्रमनं, म्हणजे पुढच्या शाहजहाननं, आपले हत्ती आणि जड सामान इथे सरदार उदारामाच्या हवाली केलं होतं. जगाच्या लेखी हा ताजमहाल बांधणारा. माझ्या लेखी सामान ठेवायला जागा शोधत फिरणारा आणखी एक व्यवस्थापक. त्याच उदारामाच्या घराण्यातली रायबागन. 1661 साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मुघलांच्या कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा मुकाट्यानं शरण जा, असा शहाणपणाचा सल्ला खानाला देणारी बाई ती. खानानं ऐकलं आणि वाचला. संघातल्या जाणत्या माणसाचं वेळेवर ऐकावं, हे पोरांना सांगायला बरं, म्हणून मी वहीत टिपून घेतलं.

तेवढ्यात तटावरून हाक आली, ''काका, एक फोटो काढता का?'' काढला. मग त्यांच्या मित्राचा काढला. मग मित्राच्या बहिणीकडच्यांचा. एकटा प्रवासी ही सार्वजनिक मालमत्ता असते. सगळ्यांच्या फोटोंत तो कुठेच नसतो, आणि सगळ्यांचे फोटो त्यानंच काढलेले असतात.

शेवटी रेणुकेच्या पायऱ्या. दुतर्फा दुकानं, खण-नारळ, हळद-कुंकू आणि विडा कुटण्याचा एकसारखा ठेका. देवीला तांबूल लागतो. पान, कात, बडीशेप सगळं खलबत्त्यात कुटून त्याचा गोळा करतात. चपला ठेवायच्या तर ओटी घ्यायची, ओटी घ्यायची तर 'वहिनींकडून भरा', आणि वहिनी नसतील तर दुकानदारीण थेट चौकशीलाच बसते. मी ओटीही घेतली, तांबूलही घेतला, आणि वहिनींची तब्येत ठीक असल्याचं प्रत्येक पायरीवर सांगत चढलो. एका वानरानं माझ्या मागे-पुढे कुणी नाही हे चालकापेक्षा लवकर ओळखलं आणि नारळाच्या पिशवीला हात घातला.

''हाड!'' मागून आजी गरजल्या. वानर पळालं. अख्खं कुटुंब पुन्हा माझ्या मागे हजर. नातू आपणहून कडेवर आला. शिट्टी त्याच्याकडेच राहिली होती.

गाभाऱ्यात देवीचं फक्त मुख आहे, शेंदरानं माखलेलं, भव्य. आजी नातीला गोष्ट सांगत होत्या. परशुरामाला आईची आठवण अनावर झाली. आकाशवाणी झाली की ती जमिनीतून प्रकट होईल, पण तू मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. तो वळला, तोवर मुखच तेवढं वर आलं होतं. आता खो-खोत एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे फिरायचं नाही. फिरला की फाउल. या एका नियमापायी मी कितीतरी पोरांना मैदानात रडवलंय. पण आईला पाहायला वळलेल्या पोराला फाउल देणारा पंच कुठल्या संघटनेनं अजून नेमलेला नाही. आणि समजा नेमला असता, तरी शिट्टी नातवाकडे होती.

बाहेर आलो तर पायऱ्यांवर गलका. आमचा संघ! डोळे चोळत, केस विंचरत, आणि मला पाहून जागीच थबकलेला. कडेवर मूल, एका हातात ओटीचं ताट, खांद्यावर पुसदकरांची पिशवी, मागे सून आणि आजी. चीनचा ध्यास घेतलेला पोरगा हळूच म्हणाला, ''सर, तुम्ही एकटेच गेला होतात ना?''

मी काही बोलायच्या आत आजी पुढे झाल्या. त्या बारा पोरांकडे त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. बरोबर ना कुणाची माय, ना बहीण, ना डब्याची पिशवी. त्यांचा जीव कळवळला.

''काहून रे पोरहो,'' त्या म्हणाल्या, ''एकलेच आले का?''