क्रीडाप्रेमी काकांचा मृत्युलेख लिहिण्याचे नियम (जालना जिल्ह्यापुरते)

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि चौकाचौकांतले फ्लेक्स पाहिले तर या आठही तालुक्यांत क्रीडाप्रेमींखेरीज कोणी मरतच नाही, असं वाटावं. गेलेला माणूस यात्रेत कुस्त्यांच्या जोड्या लावत होता, टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवत होता, की टीव्हीसमोर लोडाला टेकून कर्णधाराला शिव्या घालत होता, याचा त्या एका शब्दावरून काहीही पत्ता लागत नाही. पुढे 'दिलखुलास व्यक्तिमत्त्व' येतं, मग 'सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे', आणि शेवटी ती कधीही भरून न निघणारी पोकळी. फोटो बदलला की हाच मजकूर बाजार समितीच्या माजी उपसभापतीला चालतो, नुसता चालत नाही तर बरोब्बर बसतो. म्हणून ही नियमावली. तिच्यामागे म्हणणं एकच आहे : क्रीडाप्रेमी काकांचं आयुष्य दुसऱ्यांच्या खेळात खर्च झालेलं असतं, तेव्हा ते विशेषणांत सापडत नाही. त्यांनी काय पाहिलं, काय आणलं, काय मोजलं, कशाला नाही म्हटलं, ते लिहावं लागतं. बाकीचं छापखानेवाला घालतोच.

पहिली अडचण अशी की मराठी मुलखात काकांची पत मुळात बरी नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात जे घडलं, त्यानंतर पुतण्याने काकांना हाक मारली की ऐकणाऱ्याच्या अंगावर अजून काटा येतो. मामांचा विषय काढावा तर कंस आणि शकुनी आधीच रांगेत उभे. राजकारणातल्या काका-पुतण्यांबद्दल इथे लिहीत नाही, ते रोज पेपरात असतात. या साऱ्या बदनामीवर उतारा म्हणून एकच दाखला पुरेसा आहे. १० जुलै १९४९ रोजी मुंबईच्या एका इस्पितळात सुनील गावसकर जन्मले. त्यांना बघायला आलेल्या नारायण मसुरेकर या नातलगांच्या, म्हणजे गावसकरांच्या नानकाकांच्या नजरेला बाळाच्या डाव्या कानापाशी एक बारीकसं भोक दिसलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, बाळाला उचललं, तर कानाला भोक नाही. शोधाशोध झाली तेव्हा खरं बाळ एका कोळिणीच्या कुशीत झोपलेलं सापडलं. गावसकरांनी आपल्या आत्मचरित्रात ही हकिकत सांगितली आहे. पुढे त्या कानाच्या मालकाने कसोटीत १०,१२२ धावा केल्या. शनिवारवाड्यात एका नारायणाला काकाने वाचवलं नव्हतं. पावणेदोनशे वर्षांनी एका नारायणकाकाने बाळ परत आणून दिलं, म्हणजे खात्यावर थोडं तरी जमा झालं. आता मसुरेकरांवर 'बालकांविषयी अपार जिव्हाळा असणारे' एवढंच लिहिलं असतं तर आपल्याला काय कळलं असतं? त्यांनी कान पाहिला, हे कळायला हवं. तेव्हा पहिला नियम कानाचा : लेखणी उचलण्याआधी आपल्या काकांनी कुणाचा कान पाहिला होता याची चौकशी करावी. धावताना कोणत्या पोराचा डावा पाय वाकडा पडतो, कोणत्या पोरीची कबड्डीतली पकड घोट्यावर बसते आणि कोणाची नुसतीच चड्डीवर, हे गावात एकाच माणसाला माहीत असतं.

दुसरा नियम नकाराचा. गावसकरांचे सख्खे मामा माधव मंत्री हे यष्टिरक्षक, भारताकडून ४ कसोटी खेळलेले आणि मुंबईचे कर्णधार. लहान भाच्याने त्यांच्याकडे भारतीय संघाचं स्वेटर मागितलं, तेव्हा मामांनी ते दिलं नाही. ते घाम गाळून मिळवायचं असतं, असं सांगितलं. २०१४ साली ९२व्या वर्षी मंत्री गेले. त्यांच्या कपाटातल्या इतर वस्तूंचं काय झालं हे लोकांना ठाऊक नसेल, न दिलेलं स्वेटर मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. यावर घनसावंगीकडून हरकत येणार की ते मुंबईचे कसोटीपटू, आमच्या काकांनी आयुष्यात पांढरी पॅन्ट फक्त प्रचाराला घातली. मान्य. पण नकार द्यायला कसोटी खेळावी लागत नाही. गावच्या स्पर्धेत पंच म्हणून उभं राहून सख्ख्या पुतण्याला बाद देणं हे त्याच जातीचं काम आहे, कदाचित जरा अवघड, कारण मंत्रींना संध्याकाळी त्याच वाड्यात जेवायला बसायचं नव्हतं. (टेनिस बॉलच्या स्पर्धांत पायचीत बहुधा नसतंच, त्यामुळे गावातला सगळा साठलेला राग रनआउटवर निघतो, हे मृत्युलेख लिहिणाऱ्या शहरी पुतण्यांनी ध्यानात ठेवावं.) असा रनआउट काकांच्या नावावर असेल तर तो तारखेसह लिहावा आणि त्यानंतर भावाभावांत किती दिवाळ्या अबोला होता, तेही.

तिसरा नियम पहिल्या रांगेचा. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी जालन्यात आझाद मैदानावर झाली आणि बुलढाण्याच्या बाला रफिक शेखने गतविजेत्या अभिजित कटकेला हरवून गदा घेतली. ही कुस्ती पहिल्या रांगेतून पाहिलेले जालनेकर एका ओळीत बसवले तर रांग थेट बदनापूर ओलांडून जाईल. विजय झोलचंही तेच. जालन्याच्या या पोराने २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या आणि २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक काकांनी त्याला लहानपणीच ओळखलेलं आहे. मृत्युलेखात असले दावे कापून टाकावेत, असं आमचं मत. कारण त्यांच्या भाराखाली खरी कामगिरी दबते. काका आझाद मैदानावर मागे, खांबाआड, टाचा उंचावून उभे होते आणि निकाल गुणांवर लागला म्हणून वाटभर कुरकुरत होते. कुस्ती म्हणजे पाठ मातीला लागली पाहिजे, चितपट, निकाली. पाटीवर आकडे लावायचे तर ती बँक झाली, असं ते म्हणत होते. हे लिहावं. त्यात माणूस दिसतो, आणि ज्याला मातीच्या कुस्तीवर वाढलेली पिढी काय गमावते आहे हे समजून घ्यायचं आहे, त्यालाही ते उपयोगी पडेल.

गाव जांब असलं तरी काकांची तुलना समर्थांशी करू नये. समर्थ स्वतःच्या बोहल्यावरून पळाले असं परंपरा सांगते; काका फक्त मेहुणीच्या लग्नातून पळाले होते, आणि तेही भारत-पाकिस्तान सामना होता म्हणून.

वय बरोबर लिहावं.

चौथा नियम काकूंचा, आणि इथे नियमावलीला विनोद सुचत नाही. सचिन तेंडुलकरने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण केलं, त्यात शाळेसाठी काका-काकूंकडे काढलेल्या चार वर्षांचा उल्लेख होता. त्यात काका आहेतच, पण डोळ्यांपुढे राहते ती दमून आलेल्या पोराला ताट हातात घेऊन भरवणारी काकू, म्हणजे तो पुन्हा जाऊन खेळायला मोकळा. सबंध देशाने हे ऐकलं आणि तरी आपल्याकडे काका 'क्रीडाप्रेमी' आणि काकू 'पश्चात पत्नी'. अरे, स्पर्धेला आलेल्या परगावच्या दोन संघांची पिठलं-भाकर कोणी केली? पैलवान पुतण्याच्या दुधाला घरातली म्हैस लागली, तेव्हा चहा कोणाचा काळा झाला? काकांच्या खेळप्रेमाची निम्मी वर्गणी चुलीपाशी जमा झालेली असते. ज्या मृत्युलेखात काकूंचं नाव दुसऱ्या परिच्छेदाच्या आत येत नाही, तो परत पाठवावा.

आता उरलेली हरकत, आणि ती वजनदार आहे : गावची स्पर्धा, उधारीचा मंडप, हौद्यातली माती, असले बारीकसारीक तपशील कोणाला हवेत? मृत्यू ही गंभीर गोष्ट आहे, तिथे चार मोठे शब्दच शोभतात. त्यावर उत्तर असं की मोठे शब्द गंभीर असतात हाच मोठा गैरसमज आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा टँकरवर होता. आखाड्याची लाल माती जिवंत ठेवायची तर तिला पाणी लागतं, ताक, तेल, हळद, लिंबू लागतं, आणि रोज कोणीतरी ती उकरावी लागते. नाहीतर ती दगड होते आणि पोरांचे खांदे सोलते. घागरीसाठी बाया भांडत असताना त्या हौद्यासाठी पाणी मागणं किती लाजिरवाणं, आणि न मागणं म्हणजे तालमीला कुलूप. त्या वर्षी तुमच्या काकांनी काय केलं? तालीम बंद ठेवून पोरांना नुसत्या जोर-बैठकांवर आणलं असेल तर तो निर्णयही लिहिण्याजोगाच आहे. या एका प्रश्नाच्या उत्तरात जेवढं गांभीर्य आहे तेवढं दहा पोकळ्यांत नाही. असली उत्तरं घरच्यांकडे कमीच मिळतात. त्यासाठी वर्गणीची वही पाहावी, स्कोअरबुक पाहावं, हलगीवाल्याला विचारावं, हरलेल्या संघाच्या कर्णधाराला तर जरूर विचारावं. मंडपवाल्याला सर्वांत जास्त आठवतं, कारण त्याची बाकी राहिलेली असते. ती आधी चुकती करावी.

आणि शक्य असेल तर हे सगळं काका हयात असतानाच लिहून त्यांना वाचून दाखवा. ते आकडे दुरुस्त करतील, रनआउटवरून पुन्हा वाद घालतील, पहिली रांग परत घालायला लावतील. ती घालू नका.