आधी होडी, मग नदी

माझा भाचा अमेरिकेत असतो. हे वाक्य मी आमच्या खानदेशातल्या पारोळ्यात दिवसातून सरासरी तीन वेळा उच्चारतो, त्यामुळे ते इथेही आलंच. गेल्या वर्षी या भाच्याने यूटा राज्यातल्या ग्रीन नदीवर पाच दिवस कायाक चालवली. कायाक म्हणजे पाय लांब करून बसायची एकट्याची होडी. सोबत नावाडी नाही, आचारी नाही, वाटाड्या नाही.

“मामा, याला सेल्फ गाइडेड म्हणतात.”

“आमच्याकडे याला चुकणं म्हणतात,” मी म्हणालो.

पण फोटो पाहिले आणि मनात किडा वळवळला. लालभडक कडे, मधून संथ हिरवट नदी आणि दोन्ही बाजूंना वाळवंट. पिण्याचं पाणी घरून न्यायचं, कारण नदीचं गढूळ. शौचाची घाणसुद्धा मागे सोडायची नाही, डब्यात भरून परत आणायची, असा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम. आम्ही लहानपणी नदीवर डबा भरून न्यायचो आणि रिकामा आणायचो. त्यांचा नियम उलटा आहे, एवढंच.

भाच्याने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिथे मी फसलो. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल नावाचा गृहस्थ याच नदीतून चार होड्या घेऊन निघाला. स्वतः धरून दहा माणसं. तीन महिन्यांनी ग्रँड कॅन्यनच्या पलीकडे बाहेर पडला तेव्हा सहा उरली होती. या पॉवेलला उजवा हात कोपराखाली नव्हता, लढाईत गेला होता. आणि माणसाचा मूळ पेशा काय? मास्तर!

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूने तापी काढली. मुलताईला उगम, ७२४ किलोमीटर लांबी, पश्चिमवाहिनी, खंबातच्या आखाताला मिळते. पण तापीत किंवा तिच्या कुठल्याही उपनदीत घोट्यावर पाणी येईल इतका मी कधी उतरलो नव्हतो. मला दोन्ही हात आहेत. वजन शहाण्णव किलो आहे. पोहता येत नाही.

“कोणत्या नदीत जाणार म्हणता?” हिने विचारलं.

“बोरी.”

“मग जा,” ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

हिचा बोरीवरचा हा विश्वास बाहेरच्या वाचकाला समजावून सांगायला हवा. इंग्रजीत ज्याला ‘डेझर्ट’ म्हणतात त्यालाही मराठीत वाळवंट म्हणतात आणि नदीच्या कोरड्या पात्रालाही वाळवंटच म्हणतात. भाच्याची नदी वाळवंटातून वाहते. आमच्या बोरीचं वर्षातले आठ महिने वाळवंटच वाहतं. तामसवाडीला तिच्यावर धरण आहे. पुढे ती बहादरपूरवरून अमळनेरला जाते आणि तिथून तापीला. अमळनेरला वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते ती या नदीच्या पात्रात. दुकानं, पाळणे, रसवंत्या, सगळं नदीत. ज्या नदीत माणसं पाळण्यात बसून गरगर फिरतात, तिथे बुडण्याची भीती हिने का बाळगावी?

पण उन्हाळ्यात एकदा या नदीला पाणी येतं. काठच्या गावांच्या विहिरी तळाला गेल्या की धरणातून पात्रात पाणी सोडतात. त्याला आवर्तन म्हणतात. पाणी वाळू भिजवत गावोगाव जातं, विहिरींना पाझर फुटतो आणि पावसाळ्यापर्यंतची सोय होते. चैत्रात आवर्तन सुटणार अशी कुणकुण लागली आणि मी ऑनलाइन कायाक मागवली. हवा भरायची, पिवळी. खोक्यावर ‘कमाल भार १०० किलो’ असं लिहिलेलं. म्हणजे मी अधिक चार किलो. हिने दिलेला डबाच पाच किलोचा होता.

होडीबरोबर पंप आला, पण पंपाची तोटी आली नाही. तक्रारीसाठी फोन केला तर ‘आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे एका बाईने मला चाळीस मिनिटं सांगितलं. शेवटी महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने होडी उलटीपालटी करून पाहिली.

“गुरुजी, कोनती गाडीनी ट्यूब शे?”

“नाव आहे.”

“कितला पॉइंट भरू?”

माहितीपत्रक चिनी भाषेत. त्याने आपल्या मनाने ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाइतकी भरली. होडी अशी टणक झाली की टिचकी मारली तर मृदंगासारखी वाजे.

टेम्पोवाल्या नानाच्या छोटा हत्तीवर ती उताणी बांधून आम्ही गावातून निघालो. वाटेत किल्ला लागतो. भुईकोट आहे, १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला असं गॅझेटियर सांगतं. आज मला त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता, कारण गाव माझ्याकडे बघत होतं.

माझा बेत पक्का होता. पाणी सकाळी अकराला आमच्या टप्प्यात येणार असं नानाला कोणीतरी सांगितलं होतं. दहाला पात्रात उतरायचं, होडीत बसून तयार राहायचं, पाणी आलं की ते आपोआप उचलेल. शास्त्रीय होता बेत. प्लवन, आर्किमिडीज वगैरे.

दहा वाजता मी वाळूत, होडीत, लाइफ जॅकेट घालून, मांडीवर वल्हं घेऊन बसलो.

अकरा वाजले. पाणी नाही.

साडेअकराला एक शेळ्यावाला आला. मग दोन पोरं, मग एक मोटारसायकल. तिच्यावरून तीन माणसं उतरली. बाराच्या सुमारास माझ्याभोवती पंधराएक मंडळी उकिडवी बसली होती.

“गुरुजी, हाई काय शे?”

“नाव.”

“मंग पानी कोठे शे?”

“येई राह्यनं,” नाना म्हणाला. तो बाभळीच्या सावलीत होता.

तेव्हा मला उमगलं की खानदेशात सेल्फ गाइडेड प्रवास होऊच शकत नाही. इथे माणूस एकटा दिसला की त्याला सात वाटाडे फुटतात. एकाने सांगितलं, तोंड वरच्या अंगाला करा, पाण्याला पाठ दाखवू नये. दुसरा म्हणाला, खालच्या अंगाला करा, नाहीतर उलटे जाल. दोघांच्या सल्ल्याने पोरांनी मला होडीसकट तीनदा फिरवलं. तिसऱ्याने वल्हं हातात घेऊन विचारलं, “याने उडीद झोडपता येतील का?” चौथा मोबाइलवर मला चित्रित करत होता आणि ‘आपले गुरुजी’ असं म्हणून काहीतरी बोलत होता. उतरून सावलीत जाणं शक्य होतं. पण आता उतरणं म्हणजे हरणं.

एक वाजता ऊन बेचाळीस अंशांचं असावं. पिवळं प्लास्टिक तापून माझ्या खालच्या अंगाला चिकटलं. हिचा डबा उघडला. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि भरीत. मी वाळवंटात, होडीत, ठेचा खात होतो. पॉवेलच्या माणसांचं सामान बुडालं आणि उरलेलं पीठ भिजून आंबलं, असं वाचलं होतं. त्यांच्याकडे ठेचा असता तर ती चार माणसं टिकली असती, असं माझं भूगोलाबाहेरचं मत आहे.

“पाणी अडकलं असंल,” शेळ्यावाला म्हणाला.

“कुठे?”

त्याने नुसतं वरच्या अंगाला बोट दाखवलं. नंतर नानाबरोबर चालत जाऊन पाहिलं. वळणापलीकडे पात्रात खड्डे होते, पुरुषभर खोल, एकाला लागून एक. रात्री ट्रॅक्टर येतात, वाळू भरून नेतात आणि सकाळी नदीला खड्डा शिल्लक राहतो. सोडलेलं पाणी आधी हे खड्डे भरणार, मग पुढे सरकणार. वाळू म्हणजे नदीची माठाखालची ओली माती. पाणी धरून ठेवते, विहिरींना थोडं थोडं देते. ती नेली की खाली उरतो मुरूम, त्यावरून पाणी पळून जातं. हे मी नववीच्या वर्गाला दरवर्षी शिकवलं. मुलं लिहून घ्यायची. त्यांतली काही आज ट्रॅक्टर चालवत असतील. मला एवढा राग आला की मी वल्हं आपटलं. ते वाळूत रुतलं आणि काढताना दोन माणसं लागली.

परत येऊन पुन्हा होडीत बसलो. बसायला दुसरं काही नव्हतं.

साडेचारच्या सुमाराला पोरं ओरडली.

नदीला पाणी येतं म्हणजे लोंढा येतो असं मी समजत होतो. तसं काही झालं नाही. वळणावरून एक तपकिरी जीभ आली, चार बोटं जाड. पुढे फेसाची झालर, त्यात वाळका पाला, काटक्या, शेण, एक चप्पल आणि जिवाच्या आकांताने पळणारे मुंगळे. आवाज असा, जसा कढईत पापड सोडल्यावर येतो. कोरडी वाळू पाणी पीत होती आणि बुडबुडे सोडत होती. जीभ हातभर पुढे यायची, थांबायची, वाळूत मुरायची, मग मागून दम आला की पुन्हा हातभर. माणसाच्या चालीपेक्षा हळू. लग्नातल्या करवल्यांसारखी.

माझ्या मागे कोणीतरी खोकलं. एक म्हातारी, नऊवारी, हातात ताटली. ताटलीत हळद-कुंकू आणि एक खण.

“भाऊ, तुन्ही नाव जराशी बाजूले सरकाव. माले पानी दखू दे.”

पोरांनी मला होडीसकट उचलून बाजूला ठेवलं. मी शहाण्णव किलोंचा माणूस आहे याची कोणालाही आठवण झाली नाही, मलाही नाही. म्हातारी वाकली. पाणी तिच्या पायापाशी आलं तेव्हा तिने त्याच्यावर हळद-कुंकू सोडलं, खणाने ओटी भरली आणि ओलं बोट डोळ्यांना लावलं. सासरहून लेक आली की उंबऱ्यावर जसं करतात, अगदी तसं. अखाजीला, म्हणजे लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेला, अजून दहा दिवस होते. ती काही बोलली नाही. पंधराएक मंडळीही बोलली नाहीत. मोबाइलवाल्याने मोबाइल खाली केला.

मग पाणी माझ्या होडीपाशी आलं.

उचलली! खरंच उचलली. अर्ध्या तासाने पाणी वीतभर झालं आणि बुडाखाली काहीतरी सैल झालं. पोरांनी आरोळी ठोकली. मी वल्हं मारलं. उजवीकडे वाळू लागली, डावीकडेही वाळू लागली, तरी होडी सरकली. वीस फूट, तीस फूट! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खाली भूगोल हलत होता. पन्नास पावलांवर मी पाण्याला गाठलं. पुढे पाणीच नव्हतं, फेसाची झालर आणि तिच्यापलीकडे कोरडी वाळू. होडी नाकाने झालरीत घुसली आणि थांबली. नदी माझ्यामागे राहिली.

तेवढ्यात फुस्स. बाभळीचा काटा, दोन इंची. ट्रॅक्टरच्या चाकाची हवा बाहेर पडायला वेळ लागत नाही.

भाच्याला परत न्यायला प्रवाहाविरुद्ध मोटारबोट आली होती. माझ्यासाठी नानाचा टेम्पो होता, पण तो पलीकडच्या काठावर. आता मधे पाणी आणि चिखल. “पुढच्या गावाला चालत या, मी पुलावरून येतो,” असं ओरडून तो गेला. पोरांनी चपट्या होडीची घडी घातली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. ऊन अजून होतं, सावली झाली.

मी चालू लागलो. पाणीही चाललं होतं. थोडं पुढे गेलं की मी थांबायचो, ते यायचं. दोन पोरं आणि एक कुत्रं सोबत होतं. कुत्रं दर थोड्या वेळाने झालरीला तोंड लावून बघायचं आणि शिंकायचं. लाइफ जॅकेट काढायचं माझ्या लक्षातच आलं नाही. वाळूवर पडलेली प्लास्टिकची पिशवी पाण्याने उचलली, फिरवली आणि पुढे नेली. पात्रातल्या एका विहिरीच्या कठड्यावर दोन बाया वाकून आत बघत बसल्या होत्या. अजून काही दिसत नव्हतं, तरी बघत होत्या.

दिवस मावळताना काठावरून बाजरीच्या गंजीमागून कोणीतरी हाक मारली. माणूस दिसला नाही.

“ओ भाऊ! पानी कोठलोंग उनं?”

मी मागे वळून पाहिलं. झालर दहा पावलांवर होती.

“मन्हा मांगेच शे,” मी ओरडलो.