बी.एड.च्या आधी ‘सर’ कसे व्हावे: होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शन

पदवी हातात आहे, बी.एड.ची सीईटी यंदा हुकली आहे किंवा फीचे जमले नाही, आणि लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक काका ‘सध्या काय चाललंय?’ म्हणून विचारतो आहे, अशा तरुणतरुणींसाठी हे मार्गदर्शन आहे.

आधी एक हिशेब समजून घ्या. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यात 20 आठवडे शाळेत जाऊन राबावे लागते आणि त्या काळाची फी तुम्ही भरता. म्हणजे शिकवण्याचे पैसे तुम्हाला मिळायचे, तर ते बी.एड.च्या आधी, नाहीतर टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल या तिन्ही दैवतांची कृपा झाल्यावर. मधल्या काळात शिकवायचेही तुम्हीच आणि पैसे मोजायचेही तुम्हीच. तेव्हा बी.एड.च्या आधीचे हे वर्ष वाया गेले असे मानू नका. वर्गात उभे राहायचे पैसे मिळतील असे पुढची काही वर्षे तरी हे एकच आहे.

जागा मिळवणे

राजमार्ग सरकारी आहे. 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिचे नाव ‘लाडका भाऊ’ ठेवले. पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन, थेट बँक खात्यात. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढवून अकरा महिने केली. या योजनेतून अनेक प्रशिक्षणार्थी जिल्हा परिषदेच्या शाळांत पोचले आणि जिथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळत होते तिथे तिसरे झाले. तुलनेसाठी सांगतो: डी.एड. आणि टीईटी करून लागलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला 2023च्या आधी 6,000 रुपये मानधन होते. नंतर ते 16,000 झाले. शिकून येणाऱ्याचा आणि न शिकता येणाऱ्याचा दर आपल्याकडे किती खेळीमेळीने ठरतो, हे यावरून कळावे.

दुसरी वाट गल्लीतल्या इंग्रजी शाळेची. कायद्याप्रमाणे पहिली ते आठवीला शिकवायला व्यावसायिक पात्रता आणि टीईटी लागते, म्हणून तुमच्या नेमणूकपत्रावर ‘शिक्षक’ हा शब्द शोधू नका. तुम्ही सहायक असाल, ॲक्टिव्हिटी इन्चार्ज असाल किंवा ग्रंथालय बघत असाल. वर्ग मात्र सहावीचाच असेल आणि विषय गणित.

तिसरी वाट खाजगी क्लासची. केंद्राच्या जानेवारी 2024च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोचिंग क्लासमध्ये शिकवणारा किमान पदवीधर हवा, म्हणजे तुम्ही पूर्ण पात्र आहात. त्याच सूचनांत 16 वर्षांखालची मुले घेऊ नयेत असेही आहे, पण तो भाग क्लासवाल्यांनी वाचायचा. इंग्रजी बरी असेल आणि दोन वर्षे द्यायची तयारी असेल, तर टीच फॉर इंडियाची फेलोशिप आहे. 2009 साली मुंबई आणि पुण्यातून ती सुरू झाली आणि तिला बी.एड. लागत नाही. निवड मात्र कसून होते. काकांची ओळख तिथे चालत नाही.

पहिला तास

तो तुमचा नसेलच. कोणीतरी रजेवर असेल आणि फळ्याशेजारच्या कागदावर तुमचे नाव ‘बदली तास, नववी ड’ असे लिहिलेले असेल. दारात पाय ठेवताच ‘सर, आज आमचा पीटीचा तास आहे’ अशी खबर मिळेल. तो नसतो.

मोठ्याने बोलून शांतता आणण्याचा मोह टाळा. तिसऱ्या तासाला घसा बसतो आणि सातव्या तासापर्यंत वर्गाला तुमची कीव यायला लागते. त्यापेक्षा आत येताना शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचे नाव हजेरीपटातून पाठ करून या आणि पहिला प्रश्न त्याला नावाने विचारा. ‘याला आपलं नाव कसं माहीत?’ या कोड्यात वर्गाची पाच मिनिटे जातात. तेवढ्यात फळ्यावर तारीख आणि विषय लिहून होतो.

‘कळलं का?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. साठ मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात आणि त्या ‘हो’चा पुढच्या चाचणीशी काही संबंध नसतो. उदाहरण द्या आणि फिरून वह्या बघा. त्यात अर्धा तास मोडतो, पण कोण कुठे अडकलाय ते दिसते. माझ्या मते या नोकरीतले निम्मे शिक्षण त्या फिरण्यात आहे. बी.एड.मध्ये पुढे सूक्ष्म अध्यापनाचा पाठ घ्याल, तेव्हा समोर पाचदहा सहाध्यायी विद्यार्थ्यांचा आव आणून शहाण्यासारखे बसलेले असतील. नववी ड तशी बसत नाही.

हात उगारायचा नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. ‘वर्गाबाहेर उभा राहा’ हीही शिक्षा नव्हे. खोडी काढणाऱ्याला तेच हवे असते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला येत नसेल तर ‘उद्या सांगतो’ म्हणावे, पण मग दुसऱ्या दिवशी सांगावेच. गृहपाठ विसरणारी मुले हे विसरत नाहीत.

शिक्षकखोली

कुठल्याही रिकाम्या खुर्चीत बसू नका. ती रिकामी दिसत असली तरी गेली बावीस वर्षे ती देशपांडेबाईंची असू शकते. उभे राहा. कोणीतरी ‘बसा हो सर’ म्हणेल आणि त्यापाठोपाठ ‘तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना?’ हा प्रश्न येईल. इथे खोटे बोललेले क्षम्य आहे. खरे बोलाल, तर सरल आणि यू-डायस या सरकारी पोर्टलांवरची सगळी माहिती तुम्ही भराल, आधार क्रमांक न जुळणाऱ्या मुलांची यादी तुमच्याकडे येईल आणि स्नेहसंमेलनाची पत्रिकाही तुम्हीच टाइप कराल. नववी डने यापुढे किती छळले तरी तोच तास विश्रांतीचा वाटू लागेल.

पगार

योजनेतला पगार खात्यात येतो. इतरत्र तो पाकिटात येतो, आणि सही कोणत्या आकड्यावर घेतात ते नीट वाचा. आकडा जास्त आणि पाकीट हलके, असा प्रकार या क्षेत्रात जुना आहे. तोंडी काहीही ठरले असेल तरी रक्कम, तास आणि मे महिन्याचा पगार मिळणार की नाही, हे कागदावर मागा. मागितल्यावर चेहरा पडणारी शाळा कोणती, हे त्याच दिवशी कळलेले बरे.

दाखला

सरकारी भरतीत या अनुभवाला गुण नाहीत. अभियोग्यता चाचणीत 120 मिनिटांत 200 प्रश्न सोडवायचे असतात आणि नववी ड शांत करण्यावर त्यात एकही प्रश्न नसतो. तरीही अनुभवाचा दाखला घ्या. मुलाखत घेऊन नेमणाऱ्या संस्थेत आणि खाजगी शाळेत तो टेबलावर ठेवता येतो. शाळेच्या लेटरहेडवर जावक क्रमांक, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, शिकवलेले वर्ग आणि विषय, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का, एवढे हवेच. तो मार्चमध्येच मागा. मेमध्ये शिक्क्याच्या कपाटाची किल्ली गावाला गेलेली असते.

आणि दाखला मागायला जाण्यापूर्वी बी.एड. सीईटीचा अर्ज भरून फी भरल्याची पावती खिशात ठेवा. मुख्याध्यापक चहा मागवतील, मुलांना तुमचा किती लळा लागलाय ते सांगतील आणि ‘आणखी एक वर्ष थांबता का?’ म्हणून विचारतील. पावती नसेल, तर तुम्ही थांबाल.